पंचहौदाचा चहा आणि पोरांची न्याहारी

आहार या विषयावर बोलायचं ठरलं की आपल्याकडं येणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "पोरगं सकाळी काही खात नाही. चहा-बिस्किटावर शाळेत जातं. डबा तसाच परत आणतं आणि घरी आलं की दिसेल ते तोंडात टाकतं. काय करावं?" मोठ्या मुलींच्या आया सांगतात, ती तर चहासुद्धा घेत नाही, जाड होईन म्हणते. याचं उत्तर द्यायच्या आधी आज जरा मागं जाऊ. पोरांच्या सकाळच्या ताटलीत चहा-बिस्किट आलं कुठून, ते बघू. कारण ते आपल्या चुलीवरचं नव्हे. ते बाहेरून आलं, आणि त्याला यायला काही फार वर्षं झालेली नाहीत.

सन १८९०. पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाला शहरातली बडी मंडळी गेली होती. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. व्याख्यान झाल्यावर पाद्र्यांनी पाहुण्यांपुढं चहा आणि बिस्किटं ठेवली. कुणी घेतलं, कुणी भिडेखातर नुसतं हातात घेऊन खाली ठेवलं. हा घाट घातला होता गोपाळराव जोशांनी, म्हणजे आपल्या पहिल्या डॉक्टरीणबाई आनंदीबाई जोशी यांच्या यजमानांनी. त्यांनी सगळ्यांची नावं वर्तमानपत्रात छापवून आणली आणि पुण्यात गहजब झाला. ख्रिस्ती माणसाच्या हातचं खाल्लं म्हणून वाद थेट शंकराचार्यांपर्यंत गेला, बहिष्काराची भाषा झाली, प्रायश्चित्तं झाली. रानड्यांनीही पुढं प्रायश्चित्त घेतलं. त्याचा घरातल्या माणसांना किती त्रास झाला, ते रमाबाई रानड्यांच्या आठवणींत वाचायला मिळतं. पुरुषांच्या चहाचा ताप बायकांना कसा होतो, तेही त्यात दिसतं.

तेव्हा सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी ज्या एका पेल्यानं आणि एका बिस्किटानं माणूस वाळीत पडत होता, तीच जोडी आज आपण सहा वर्षांच्या लेकराला सकाळी उठल्या उठल्या देतो. एवढा बदल झाला कसा?

त्याआधी पोरं काय खात होती? न्याहारी आणि नाश्ता हे दोन्ही शब्द फारशीकडून आपल्याकडं आले. गंमत अशी की त्यांचा मूळ अर्थ खाणं नव्हे, तर 'सकाळपासून काही न खाल्लेला' असा आहे. इराणमध्ये आजही रक्त तपासायला उपाशीपोटी या म्हणायचं तर 'नाश्ता' म्हणतात. म्हणजे रात्रभराचा उपास हीच या जेवणाची खरी ओळख. वाढत्या अंगाचं मूल रात्री आठला जेवलं आणि सकाळी सातला उठलं, तर मध्ये अकरा तास गेलेले असतात.

आपल्या देशावरच्या कुणबी घरात न्याहारी म्हणजे शिळी भाकर. शिंकाळ्यातली किंवा दुरडीतली रात्रीची ज्वारीची नाहीतर बाजरीची भाकर, त्यावर तेल-चटणी, ठेचा, कांदा, आणि असलं तर ताक. थंडीत हुलग्याचं माडगं, उन्हाळ्यात आंबील, कधी ताकातल्या कण्या. कोकणात उकड्या तांदळाची पेज आणि तिच्याबरोबर एखादी सुकी मासळी नाहीतर लोणचं. शहरातल्या पांढरपेशा घरात लहानांना मऊभात, मेतकूट, तूप. मोठ्यांची मात्र तऱ्हा निराळी होती. अंघोळ-पूजा झाल्याशिवाय अन्न नाही, आणि मग कचेरीला जायच्या आधी नऊ-साडेनऊला एकदम वरण-भात-भाजी-पोळीचं पूर्ण जेवण. शाळा अकराची, म्हणून शाळकरी पोरंही त्याच पंगतीला जेवून निघत. त्या घरात वेगळी न्याहारी नसली तरी मूल उपाशी शाळेत जात नव्हतं. जेवूनच जात होतं.

आता कुणी म्हणेल, जुनं ते सोनं. तसं मी म्हणणार नाही. ती भाकर टोपल्यात यायची तर घरातली बाई पहाटे तीनला जात्यावर बसलेली असायची. आणि टोपलं सगळ्यांच्या घरी भरलेलं नव्हतं. ज्यांना जमीन नव्हती, ज्यांना दारोदार भाकर-तुकडा मागून आणावा लागे, त्यांच्या पोरांची न्याहारी दुसऱ्याच्या घरी काय उरलं यावर ठरायची. सुगी सरली की पुष्कळ घरांत सकाळचं खाणंच बंद व्हायचं. तरी एक गोष्ट खरी: जे मिळायचं ते चावून खावं लागायचं, ते कोंड्यासकटच्या पिठाचं असायचं, आणि त्यात साखर नसायची.

मग चहा आला. आसामात चहाचे मळे १८३० नंतरच्या दशकात उभे राहिले, पण तो चहा विलायतेला जायचा. आपल्या लोकांनी तो प्यावा असं कुणाच्या फारसं मनातही नव्हतं. १९०३ साली सरकारनं चहाच्या निर्यातीवर एक पट्टी बसवली आणि तो पैसा चहाच्या प्रचाराला लावायचा कायदा केला. तरीही गाडं हळूच चाललं होतं. १९३०च्या आसपास जगभर मंदी आली, चहाचे भाव पडले, आणि १९३३ मध्ये चहा पिकवणाऱ्या देशांनी बाहेर पाठवायच्या मालावर मर्यादा घालून घेतली. मग हा उरलेला चहा पाजायचा कुणाला? घरच्याच माणसांना. चहाच्या मोटारी बाजाराच्या गावांतून फिरू लागल्या. जत्रेत, गिरणीच्या दारात, रेल्वेच्या फलाटावर चहा करून दाखवायचा, फुकट नाहीतर पैशाला पेला पाजायचा, पुड्या वाटायच्या, चहा कसा करावा याचे पत्र्याचे रंगीत फलक लावायचे. तहान नसलेल्या माणसाला तहान लावायची ही मोठी मोहीम होती आणि ती जिंकली. मळेवाल्यांची इच्छा होती की लोकांनी पत्ती भरपूर टाकावी. आपल्या चहावाल्यांनी पत्ती कमी केली आणि दूध-साखर वाढवली, उकळ्या फोडल्या. पुढं बारीक दाणेदार सीटीसी चहा आला. त्यात थोड्या पुडीत खूप पेले होतात, मग गरिबाच्या घरीही चहा परवडू लागला.

मुंबईच्या गिरण्यांनी या कामात मोठा हात लावला. पहाटेचा भोंगा झाला की भाकर थापायला वेळ कुठला? पाळीवर जाणाऱ्या माणसाला उभ्या उभ्या अंगात तरतरी आणणारं काहीतरी हवं असे. ते इराण्याच्या हॉटेलात आणि नाक्यावर मिळायचं. सुट्टीला गावी येणाऱ्या गिरणीवाल्याबरोबर ती सवयही गावी आली. पाहुण्याला आधी गूळ-पाणी होतं, त्या जागी चहा झाला. साखरही हळूहळू जवळ आली. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० नंतर सुरू झाला, त्यामागोमाग इतर निघाले, आणि ज्या भागात साखर सणाला दिसायची तिथं ती डब्यात राहू लागली.

गांधीजी १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान महालात कैदेत होते, तेव्हा त्यांनी आरोग्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात चहा-कॉफीवर त्यांनी प्रकरण लिहिलं आणि चहातल्या टॅनिनबद्दल सावध केलं. त्यांचं सगळंच आपण ऐकलं असं नाही, पण हे तर मुळीच ऐकलं नाही. टॅनिनची गोष्ट मात्र खरी निघाली. जेवणाबरोबर चहा घेतला तर धान्य-भाजीतलं लोह अंगी लागायचं प्रमाण बरंच घटतं, हे पुढं प्रयोगांनी पुन्हा पुन्हा दिसलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) आपल्या राज्यातल्या पंधरा ते एकोणीस वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्याचं सगळं खापर चहावर फोडता येणार नाही. पण बाजरीची भाकर आणि चहा एकत्र खाणाऱ्या पोरीच्या भाकरीतलं लोह आपण आपल्याच हातानं अडवतो, एवढं तरी लक्षात घ्यावं. चहा द्यायचाच असेल तर खाण्यानंतर तासाभरानं द्या, आणि भाकरीबरोबर लिंबाची फोड ठेवा. लिंबानं उलट मदत होते.

आता बिस्किट. पारले कंपनी १९२९ साली मुंबईजवळच्या विलेपार्ल्यात सुरू झाली, आधी गोळ्या-चॉकलेटं करायची. १९३९ पासून तिथं ग्लुकोज बिस्किटं होऊ लागली. त्याआधीची बिस्किटं विलायती होती, साहेबाची होती, महाग होती. ही देशी होती आणि परवडणारी. 'ग्लुकोज' या शब्दातही मोठी जादू होती. दवाखान्यात आजारी माणसाला चढवतात ते ग्लुकोज, म्हणजे ताकदीचं औषधच, असं लोकांना वाटलं. पुड्यावर गुटगुटीत बाळ असलं की आईला आणखी काय हवं? बिस्किटानं एक चांगलंही केलं, ते कबूल करायला हवं. ते स्वच्छ होतं, टिकाऊ होतं, प्रवासात, पुरात, दवाखान्याच्या ओसरीवर लेकराच्या हातात द्यायला कामाचं होतं. अडीनडीला आलेला हा पाहुणा रोजचा घरजावई झाला, इतकंच.

पुडा उलटा करून वाचा कधीतरी. ग्लुकोज बिस्किटात साधारण पाव हिस्सा साखर असते, उरलेला बराचसा मैदा, आणि शंभर ग्रॅमला प्रथिनं सहा-सात ग्रॅम. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात प्रथिनं दहाच्या आसपास आणि चोथाही तितकाच. शेंगदाण्यात चोवीस-पंचवीस. शिवाय शंभर ग्रॅम बिस्किटं कोणतं लेकरू खातं? चार खातं. म्हणजे दोन ग्रॅमही प्रथिन पोटात गेलं नाही. वर गोड चहा.

आता भुकेचं गणित. बिस्किट-चहा पोटात गेला की साखर झटक्यानं रक्तात चढते. ती आवरायला शरीर इन्शुलिन सोडतं आणि साखर पुन्हा भराभर उतरते. तास-दीड तासात पोट रिकामं वाटतं. पण खाताना मात्र त्याच गोडानं आणि चहानं भूक मेलेली असते, म्हणून समोर ठेवलेली भाकर पोरगं ढकलतं. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत: सकाळी खात नाही, आणि नंतर सारखं खातं. मूळ एकच आहे. कोंड्यासकटचं धान्य, डाळ, दाणे, अंडं, दही हे पोटात हळूहळू उतरतं आणि भूक लांबवतं. शिजवून गार झालेल्या धान्यातला थोडा पिष्ट भाग पचायला आणखी चिवट होतो, तेव्हा शिळ्या भाकरीला नावं ठेवायचं कारण नाही.

हे माझ्या मनचं नाही. अमेरिकेत बॉस्टनला १९९९ मध्ये लुडविग नावाच्या डॉक्टरांनी बारा लठ्ठ मुलग्यांवर, ऐन मिसरूड फुटायच्या वयातल्या, एक प्रयोग छापला. तीन वेगवेगळ्या दिवशी त्यांना सकाळी आणि दुपारी सारख्याच उष्मांकाचं, पण वेगळ्या जातीचं खाणं दिलं. एकदा झटपट शिजणारे बारीक ओट, एकदा तेच ओट जाडे कापलेले, एकदा भाजी घातलेलं ऑम्लेट आणि फळं. त्यानंतर पाच तास, हवं ते खा म्हणून मोकळं सोडलं. बारीक ओट खाल्लेल्या दिवशी पोरांनी जाड्या ओटाच्या दिवसापेक्षा ५३ टक्के जास्त खाल्लं, आणि ऑम्लेटच्या दिवसापेक्षा ८१ टक्के. धान्य तेच, पण दळण्या-शिजवण्यानं इतका फरक. आपण गिरणीवाल्याला "बारीक दळ" म्हणतो ना, तेव्हा हे आठवावं. इंग्लंडात ऑक्सफर्डला नऊ ते बारा वर्षांच्या ३७ मुलांवर असंच काम झालं, २००३ मध्ये छापलं गेलं. साखर हळू चढवणारी न्याहारी केलेली मुलं दुपारच्या जेवणात कमी खात होती. आणि न्याहारी टाळणाऱ्या वीस मुलींवरचा २०१३ चा एक अमेरिकी अभ्यास आहे. सकाळी भरपूर प्रथिनं दिली तर त्यांचं संध्याकाळचं तेलकट चरणं कमी झालं. जाड होईन म्हणून सकाळी उपाशी राहणाऱ्या पोरीला हे सांगा. अभ्यास छोटे आहेत, तिकडचे आहेत, आपल्या भाकरीवर झालेले नाहीत. पण दिशा एकच दाखवतात.

"पण आमचं पोरगं खातच नाही, मग काय करायचं?" याचंही उत्तर इतिहासात आहे, आणि ते मला या सगळ्यात फार आवडतं. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्ड नावाचं लोकरीच्या गिरण्यांचं गाव आहे. १९०६ साली तिथल्या सरकारनं शाळेत गरीब मुलांना जेवण द्यायला परवानगी देणारा कायदा केला. १९०७ मध्ये एप्रिल ते जुलै ब्रॅडफर्डच्या शाळेचे डॉक्टर राल्फ क्राउली यांनी गरिबांतल्या गरीब ४० पोरांना रोज सकाळी न्याहारी आणि दुपारी जेवण दिलं, आणि त्यांची वजनं घेतली. न्याहारी म्हणजे ओटची खीर, दूध आणि काकवी, मग पाव. पहिल्या दिवशी तेरा पोरांनी खीर खायला नकार दिला. सवयच नव्हती. दुसऱ्या दिवशी नकार देणारी दोनच उरली. त्यानंतर सगळी खाऊ लागली. कुणी मारलं नाही, कुणी लाच दिली नाही. रोज त्याच वेळी, तेच खाणं, बरोबरीची पोरं खाताहेत, एवढंच. पोरांची वजनं वाढली. मध्ये एका सणाची आठवडाभर सुट्टी आली, खाणं बंद झालं, आणि वाढलेलं वजन लगेच घटलं. आलेख काढून क्राउलींनी ते दाखवलं. पोराची भूक आणि आवड ही जन्माची नसते, सवयीची असते. आपण दोन दिवसांत हार मानतो आणि बिस्किटाचा पुडा फोडतो.

आपल्याकडंही सरकारनं पोरांना खाऊ घातल्याची आठवण पुष्कळ जणींना असेल. १९७२ चा दुष्काळ. खडी फोडायला गेलेल्या आया आणि त्यांच्यासोबतची लेकरं. कामावर सुकडी वाटली जायची. अमेरिकेतून आलेला लाल मिलो रेशनवर मिळायचा. त्याच्या भाकरीला चव नव्हती हे सगळ्याच सांगतात. सुकडीची चव मात्र त्या वेळच्या पोरांच्या, म्हणजे आजच्या आज्ज्यांच्या, जिभेवर अजून आहे. त्याच सुमारास रेशनच्या गव्हानं आपल्या घरात पाय पसरले. ज्वारीच्या पट्ट्यात पोळी सणाला होत होती, ती रोजची झाली आणि भाकरी गरिबीची खूण ठरली. मुलं डब्यात भाकर न्यायला लाजू लागली. ही लाजही न्याहारीच्या इतिहासातलंच एक पान आहे, आणि मला वाटतं चहाच्या मोटारींपेक्षा तिनं जास्त नुकसान केलं. आता शहरातली माणसं तीच ज्वारी 'मिलेट' म्हणून दामदुपटीनं विकत घेतात, तेव्हा आपली पोरं कदाचित पुन्हा डबा उघडतील.

शेवटी घड्याळाचं. शाळा अकराची होती तोवर जेवून जाता येत होतं. वर्ग कमी, मुलं जास्त, म्हणून दोन सत्रं आली आणि सकाळची शाळा सातची झाली. सातला शाळा म्हणजे सहाला तयारी. पाच-साडेपाचला झोपेतून उठवलेल्या लेकराला भूक लागेल कशी? त्याच्या पोटाला जागं व्हायला वेळ लागतो. आणि त्या वेळी त्याच्या आईला पाणी भरायचं असतं, डबे करायचे असतात, स्वतः कामावर जायचं असतं. चहा-बिस्किटाला पाच मिनिटं लागतात, भाकरीला अर्धा तास. बाईच्या अंगावर टाकलेलं हे ओझं कुणी मोजत नाही, आणि वर सगळे तिलाच विचारतात, पोरगं हडकुळं का? २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारनं चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं. पोरांची झोप हे त्याचं कारण होतं, पण न्याहारीलाही त्यातून वेळ मिळतो. तुमच्या गावातल्या शाळेनं वेळ बदलली का, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारा. समितीत आया असतातच.

तमिळनाडूनं याच्या पुढं एक पाऊल टाकलं आहे. तिथं शाळेत दुपारच्या जेवणाची परंपरा जुनी, मद्रास शहराच्या शाळांत ती १९२०च्या दशकापासूनची. १५ सप्टेंबर २०२२ ला मदुराईत त्यांनी पहिली ते पाचवीच्या सरकारी शाळांमधल्या मुलांसाठी सकाळची न्याहारीही सुरू केली, पुढच्या वर्षी ती राज्यभर नेली. उपमा, खिचडी, पोंगल, बरोबर भाज्या घातलेलं सांबार. ते शिजवतात बचत गटातल्या बायका, शाळा भरायच्या आधी, आणि त्याचा त्यांना मोबदला मिळतो.